काचा बंद, हिटर चालू

मार्तंडराव गाडीतून उतरत होते, तेव्हाच बळीरामने त्यांना ओळखलं. मार्तंडरावांनी मात्र बळीरामला ओळखलं नाही, आणि खरी आग तिथेच लागली.

ज्याचं घर आपण बुडवलं त्याच्या भावाचा चेहरा तरी लक्षात राहावा, एवढीही आठवण या माणसाने ठेवली नव्हती. ते सरळ गॅरेजसमोरच्या कडुनिंबाखाली आले, रुमालाने चष्मा पुसला आणि म्हणाले, "मिक्श्चरचं काम तुझ्याइतकं नागपुरात कोणी करत नाही म्हणतात. बघ जरा."

इंदोऱ्यात कामठी रोडच्या कडेला बळीरामचं गॅरेज होतं. वर पत्रे, तीन बाजूंना विटांच्या भिंती आणि समोरून सताड उघडं. चोऱ्या होत, पावसाळ्यात पाणी आत येई, तरी त्याने कधी शटर लावलं नाही. लोकांना तो हट्ट वाटे. कारण फक्त घरच्यांना माहीत होतं.

मार्तंडरावांची गाडी सायीच्या रंगाची, लांबलचक, परदेशी. दिल्लीत वकिलातीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होतो, त्यातून घेतलेली. पूर्वी त्यांचं सदरमध्ये गॅरेज होतं. ते मोडून त्यांनी ट्रकांचा धंदा काढला, कोळसा वाहिला आणि आता शहरातले मोठे गृहस्थ झाले होते. ही गाडी ते ड्रायव्हरच्या हाती देत नसत. स्वतः चालवत, एकटे. गाडीत हिटर होता, त्याचं त्यांना फार कौतुक. डिसेंबर सुरू झाला होता. काचा बंद करून, हिटर लावून सकाळी फुटाळ्याच्या तलावापर्यंत चक्कर मारताना काय सुख वाटतं, ते त्यांनी न विचारता सांगितलं. मग तक्रार सांगितली. गाडी पेट्रोल नुसतं ढोसते, मागून काळा धूर सोडते, उभी असली की धापा टाकते. धरमपेठेतल्या मेकॅनिकने इथल्या पेट्रोलला दोष दिला, म्हणून परदेशातून नवा सेन्सर मागवून बसवला. फरक काहीच नाही.

बळीराम म्हणाला, संध्याकाळी या.

ते रिक्षाने गेले. बळीरामने त्या दिवशी दुसरं काम हातात घेतलं नाही.

प्लग काढले. चारही काजळीने माखलेले, कोरडे, काळेकुट्ट. म्हणजे मिक्श्चर चुकलेलं, हवा कमी आणि पेट्रोल जास्त. साध्या गाडीत अशा वेळी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला की काम भागतं. या गाडीत कार्बोरेटर होता, पण त्याच्यावर राज्य करत होती डॅशबोर्डखालची एक पत्र्याची पेटी. शेजारी दादाजीचं वायरिंगचं दुकान होतं. दादाजी कुवेतला पाच वर्षं काढून आलेला, अशा गाड्या त्याने तिकडे पाहिल्या होत्या. बळीरामने त्याला बोलावलं.

दादाजीने धुराच्या नळीत बसवलेली प्लगसारखी वस्तू दाखवली. तिच्यातून एकच तार निघून पेटीकडे जात होती.

"हे गाडीचं नाक हाय," दादाजी म्हणाला. "धूर हुंगते. धुरात हवा उरलेली दिसली, की पेटीले सांगते, पेट्रोल कमी पडून राहिलं, वाढव. हवा नाही दिसली, की सांगते, कमी कर. आपल्या पेट्रोलात शिसं असते, त्यानं नाक मरते. पण हे तर नवंच हाय गा. एवढ्यात मरायचं नाही."

एवढं सांगून तो आपल्या दुकानात गेला. बळीरामने इंजिन चालू ठेवून ती तार काढली. पेटीला कोणी काही सांगेना, तशी ती आपल्या ठरल्या मापाने पेट्रोल देऊ लागली. गाडीची धाप थांबली. म्हणजे नाक बिघडलेलं नव्हतं. त्याला कोणीतरी फसवत होतं. धुरात बाहेरची हवा मिसळत होती, आणि नाक इमानाने ती हवा पाहून पेट्रोल मागत होतं.

गाडी थंड होऊ दिली आणि पुन्हा चालू केली. इंजिनाच्या मागच्या बाजूने बारीक टिकटिक ऐकू आली. बळीरामने अगरबत्ती पेटवली. पेट्रोलच्या गाडीजवळ अगरबत्ती धरणं म्हणजे वेडेपणा, असं सगळे मेकॅनिक म्हणत आणि साबणाचं पाणी वापरत. पण ही रीत त्याला मोठ्या भावाने, लहानूने शिकवली होती. कुठे धरायची आणि कुठे चुकूनही धरायची नाही, दोन्ही शिकवलं होतं. त्याने अगरबत्ती नळीच्या सांध्याजवळ नेली. तिचा धूर सरळ वर जाईना. एकदा बाहेर ढकलला जाई, लगेच आत ओढला जाई. बळीरामने बोट फिरवलं. सांध्याला केसाएवढी चीर होती, नाकाच्या अलीकडे.

आणि चिरेपासून काजळीचा एक पट्टा वर गेला होता. बळीराम त्या पट्ट्यामागे गेला. तो थेट त्या जाळीपाशी संपला, जिथून हिटर गाडीत हवा ओढतो.

तो तसाच वाकून उभा राहिला. चिरेतून हवा आत जाते, म्हणून नाक फसतं. नाक फसतं, म्हणून धूर जास्त विषारी होतो. आणि तोच धूर त्याच चिरेतून निघून गाडीत बसलेल्या माणसाच्या छातीत जातो. काचा बंद, हिटर चालू.

लहानू असाच गेला होता.

तेव्हा दोघे भाऊ मार्तंडरावांच्या सदरच्या गॅरेजात कामाला होते. थंडीचे दिवस, आठवडी सुट्टीचा वार. सुट्टीच्या दिवशी दुकान उघडं दिसलं की इन्स्पेक्टर खटला भरायचा. पण एका लग्नाच्या वरातीची गाडी दुपारपर्यंत द्यायची होती. मार्तंडरावांनी लहानूला बोलावून घेतलं, आत घातलं, आणि बंद दिसावं म्हणून शटर ओढून बाहेरून कडी लावली. लहानू आत इंजिन चालू ठेवून मिक्श्चर लावत बसला. मार्तंडराव लग्नघरी गेले आणि जेवायला बसले. भाऊ घरी आला नाही म्हणून बळीराम शोधायला गेला. कडी त्याने स्वतःच्या हाताने काढली होती.

पोलीस आले तेव्हा मार्तंडरावांनी सांगितलं, हा सुट्टीच्या दिवशी चोरून आत शिरला, दारू प्याला आणि इंजिन चालू ठेवून झोपला. बाजूला बाटली होतीच. वरून त्यांनी लहानूच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं. चेहरा लालबुंद होता. "बघा ना, पिऊन कसा लाल झालाय." बळीराम कडीचं सांगत राहिला. ठाण्यात, वस्तीत, जो भेटेल त्याला. कोणी लिहून घेतलं नाही.

जीव गेला तो गेलाच. पण लहानूने छप्पन साली पांढरे कपडे घालून दीक्षा घेतली होती, आणि बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा लाखो लोकांमध्ये उभं राहून म्हटली होती. वस्तीतल्या विहारात, दीक्षेच्या त्या दिवशी या गल्लीतून गेलेल्या आणि आता हयात नसलेल्या माणसांचे फोटो ओळीने लावलेले होते. लहानूचा नव्हता. कमिटीने तोंडावर कधी नाही म्हटलं नाही. पुढच्या पौर्णिमेला पाहू, एवढंच म्हणत गेली. लहानूची बायको कौसल्या मिलमध्ये रिळावर काम करून म्हातारी झाली, पण फोटो पुसून पेटीत ठेवायची तिची सवय सुटली नाही.

बळीराम सरळ झाला. प्लग घासून चकचकीत केले, म्हणजे चार-आठ दिवस गाडी बरी चालेल. मग त्याने ती काढलेली तार हातात घेतली. ती तशीच लोंबत ठेवली असती तर अर्धं विष तिथेच कमी झालं असतं. त्याने ती परत जोडली, घट्ट जोडली, आणि बॉनेट लावलं.

संध्याकाळी मार्तंडरावांनी गाडी चालू करून पाहिली आणि खूश झाले. "वा. काय होतं?"

"प्लगवर मैल होता, साहेब," बळीराम म्हणाला. "आता वापरून पाहा. एकटेच चालवता ना?"

"माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही या गाडीला."

"तेच बरं हाय."

घरी जाऊन त्याने वहिनीला सगळं सांगितलं. कौसल्या तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"मरन काय तो?"

"थोडा वेळ बसला तर डोकं दुखन, चक्कर येईन. लंब्या रस्त्यानं गेला तर तोल जाईन, जीभ जड होईन. लय वेळ बसला, तर मग..."

कौसल्येने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मरू नये त्यानं. तो मेला तर शटरचं सांगन कोण?"

"मग काय करू म्हणतं? जाऊन सांगू काय त्याले?"

"सांगू नका. लोकायनं त्याले दारुड्या म्हणावं. त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणावं. तो नाही नाही म्हणन, अन् कोणी ऐकू नये." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मंग येईन तो आपल्या दारी."

लांबचा रस्ता लवकरच आला. मार्तंडरावांची मुलगी पुष्पलता हिचं काटोलला ठरत होतं. रुपराव नावाचे संत्र्याच्या बागा असलेले वजनदार गृहस्थ, गळ्यात माळ, दारूचा वाससुद्धा सहन न करणारे. त्यांच्या मुलाशी जमलं होतं. सुपारी फोडायला मार्तंडराव निघाले. भाऊबंद जीपमधून पुढे गेले, हे आपल्या गाडीत एकटे. सकाळ गारठ्याची. काचा बंद, हिटर चालू. काटोलला रुपरावांच्या अंगणात पाहुणे उभे होते. गाडी थांबली. मार्तंडराव उतरले आणि गुडघ्यात वाकले. चेहरा लालबुंद. नमस्कार म्हणायला गेले तर जीभ वळेना. दोघांनी धरलं, तर त्यांच्याशीच भांडले, आणि तुळशीजवळ ओकले.

रुपरावांनी पाटावरची सुपारी उचलली, बायकोच्या हातात दिली आणि आत नेऊन ठेवायला सांगितली.

ही हकिकत नागपुरात यायला वेळ लागला नाही. संत्र्यांच्या ट्रकांबरोबर फळबाजारात आली, एस.टी.च्या कंडक्टरांबरोबर स्टँडवर आली. मार्तंडराव जिथे तिथे सांगू लागले की आपण थेंबही घेत नाही, ते पित्त होतं. लोक हो हो म्हणत आणि पाठ फिरली की हसत. डॉक्टरकडे जाईपर्यंत त्यांना बरं वाटलेलं असे, त्यामुळे डॉक्टरला काही सापडत नसे. आणि घरी येताना ते पुन्हा त्याच गाडीत बसत. एकदा व्हरायटी चौकात त्यांनी गाडी फुटपाथवर चढवली. हवालदाराने तोंडाचा वास घेतला, आणि वास आला नाही तरी मान हलवली.

बळीरामच्या कानावर हे सगळं येई. तो पाना फिरवत ऐकून घेई. रात्री वहिनीला सांगताना एकही गोष्ट विसरत नसे, आणि कौसल्या काही गोष्टी पुन्हा सांगायला लावी. कशा तऱ्हेने वाकला? लोक काय म्हणाले? तोंड लाल होतं काय?

मग एका दुपारी गॅरेजसमोर रिक्षातून एक मुलगी उतरली. विशीची असेल. चेहरा उतरलेला, पण नजर सरळ. तिने आपलं नाव पुष्पलता सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं आणि उभ्यानेच बोलू लागली. वडील पीत नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. घरात कोणाचाच आता विश्वास उरला नव्हता, आईचासुद्धा. म्हणून काल ती मुद्दाम वडिलांबरोबर गाडीत बसली, कोराडीपर्यंत जाऊन आली. परत येताना तिचं डोकं ठणकायला लागलं. घरी येऊन ती ओकली आणि भिंत धरून चालली.

"मी तर दारू प्यायले नव्हते ना," ती म्हणाली. "म्हणजे आहे ते गाडीत आहे. गाडी शेवटी तुम्ही पाहिली होती, म्हणून आले."

बळीरामच्या हातातला पाना खाली पडला.

"त्या गाडीत पुन्हा बसू नको, पोरी."

ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं. पुष्पलता त्याच्याकडे पाहत राहिली. तिने विचारलं नाही की गाडीत काय आहे. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

बळीरामने पाना उचलला आणि फडक्याने पुसत राहिला. पोरीवर त्याचा राग नव्हता. तिचं लग्न मोडलं तेव्हा त्याला वाईटही वाटलं नव्हतं. तिचा विचारच त्याने केला नव्हता. आता ती समोर उभी होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"तुह्या बापाले पाठव," तो म्हणाला. "म्हणाव, लहानूचा भाऊ बोलावून राहिला. येताना रिक्षानं यायचं."

मार्तंडराव दुसऱ्याच दिवशी आले, रिक्षाने. या वेळी त्यांनी बळीरामला नीट पाहिलं. आधी आवाज चढवला, पोलिसांत देतो म्हणाले. बळीराम म्हणाला, "जा. पण तिथं तुमालेच सांगा लागन, बंद जागेत धुरानं माणूस कसा होते ते. मंग ते विचारतीन, तुमाले कसं माहीत."

मार्तंडराव स्टुलावर बसले. मग त्यांनी कौसल्येला खोली बांधून देतो म्हटलं, बळीरामला ट्रकांचं काम देतो म्हटलं. बळीराम एका गाडीचा फिल्टर धुत राहिला. शेवटी त्यांनी विचारलं, तुला पाहिजे तरी काय.

"काटोलले येऊन मी रुपरावायले गाडीतलं खरं दाखवतो. तुमची दारू धुऊन निघन. पण त्याच्या आधी तुमी माझ्या भावाची धुवा. पौर्णिमेले, विहारात, सगळ्यायपुढं."

"इथेच सांगतो ना तुला. चूक झाली माझी."

"मले सांगून काय फायदा? मी तर कडी काढली होती."

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली आणि माणसं उठायच्या आत मार्तंडराव आले. कोट घातला होता. लोक सरकले, त्यांनी वाट दिली. कौसल्या पुढे बसली होती, मांडीवर फोटो. बळीराम दाराशी उभा राहिला. मार्तंडरावांनी घसा साफ केला आणि जमिनीकडे पाहत सांगितलं की लहानू त्या दिवशी दारू प्यालेला नव्हता, आपल्याकडून गैरसमजाने तसं सांगितलं गेलं, त्याबद्दल खेद वाटतो. मग ते जायला वळले.

कौसल्या उठली नाही. बसूनच म्हणाली, "बाटली कुठून आली?"

सगळे थांबले. मार्तंडराव म्हणाले, "आता इतक्या वर्षांनी..."

"अन् शटर कोणं ओढलं?"

एक म्हातारी खोकत होती, तिने पदर तोंडाला लावला. मार्तंडरावांनी बळीरामकडे पाहिलं. बळीराम भिंतीवरच्या फोटोंकडे पाहत होता.

"नाही सांगत, तर राहू द्या," कौसल्या म्हणाली. "आमचे भाऊजी काटोलले जात नाहीत."

"मी ओढलं," मार्तंडराव म्हणाले.

"लोकायले ऐकू नाही आलं."

"शटर मी ओढलं. बाहेरून कडी मी लावली. बाटली मी ठेवली." आणि मग त्यांचा आवाज फाटला. "झालं आता?"

"झालं," कौसल्या म्हणाली. तिने फोटोवरून पदर फिरवला, आणि त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

दोन दिवसांनी बळीराम ती गाडी काटोलला घेऊन निघाला. स्टिअरिंगवर तो, शेजारी मार्तंडराव. चारही काचा खाली, हिटर बंद. सकाळचा गारठा सुया टोचल्यासारखा लागत होता. मार्तंडरावांनी शाल डोक्यावरून घेतली, कान झाकले, तरी दात वाजत होते. कळमेश्वरच्या पुढे त्यांनी विचारलं, एक काच तरी वर करू का. बळीराम म्हणाला, "करा. तुमची गाडी हाय." मार्तंडरावांनी हँडलला हात लावला आणि परत शालीत घेतला.

रुपरावांच्या अंगणात गाडी दुपारपर्यंत थंड होऊ दिली. रुपराव ओट्यावर बसले होते, घरातले लोक मागे. बळीरामने बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि अगरबत्ती पेटवून सांध्यापाशी धरली. त्याने रुपरावांना वाकून पाहायला बोलावलं. धूर बाहेर जाताना आणि आत ओढला जाताना रुपरावांनी पाहिला. काजळीचा पट्टा जाळीपर्यंत बोटाने चाचपला. आत बसून हिटर लावल्यावर ज्या जाळीतून गरम हवा येते तिथे नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"आता समजलं," ते म्हणाले. "पण एक सांग गा. धुरानं माणूस असा होते, लाल पडते, पेलेल्यासारखा दिसते, हे तुले कसं माहीत?"

बळीराम या प्रश्नाचीच वाट पाहत होता. पौर्णिमेपासून नाही, बॉनेटखाली वाकून तो पट्टा पाहिला त्या दिवसापासून. जगात मार्तंडरावांच्या बाजूने बोलू शकणारा एकच साक्षीदार होता, आणि तो कोणाचा भाऊ आहे हे सांगितल्याशिवाय ती साक्ष पुरी होत नव्हती.

तो मार्तंडरावांकडे वळला. "तुमी सांगता, का मी सांगू?"

मार्तंडरावांनी शाल घट्ट ओढली.

मग बळीरामने सांगितलं. सुट्टीचा वार, वरातीची गाडी, शटर, कडी. कडी काढल्यावर आतून आलेला धुराचा लोट. भावाचा लाल चेहरा, आणि त्याच्याकडे दाखवलेलं बोट. वाढवून काही सांगितलं नाही. गरजच नव्हती. रुपराव मधून मधून मार्तंडरावांकडे पाहत, आणि प्रत्येक वेळी मार्तंडरावांची मान आणखी खाली जाई.

सांगून झाल्यावर रुपरावांनी अगरबत्तीचा उरलेला तुकडा मातीत विझवला. "अन् ह्या गाडीतलं तुले कधी समजलं?"

"पहिल्याच दिवशी. थंडी पडली तेव्हा."

"मंग काहून सांगितलं नाही?"

"सोळा वर्षं सांगून राहिलो होतो, बापू. कोणी ऐकलं नाही."

"पोरगी बसली होती त्या गाडीत. ती इथं येऊन सांगून गेली."

"होय. ते मले समजलं नव्हतं. समजलं तेव्हा 'बसू नको' तोंडातून निघून गेलं."

रुपराव आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आतून बायकोशी बोलण्याचा आवाज येत होता. बाहेर आले ते सुपारी घेऊन. पाट मांडायला सांगितला, आणि सगळ्यांसमोर सुपारी फोडली. मार्तंडरावांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, तसे रुपराव म्हणाले, "पोरीचा काही दोष नाही. बापाकडे पाहून मी सुपारी फोडली नसती. पोरगी एकटी इथं आली अन् माझ्या पोराशी बोलून गेली, म्हणून फोडली. लग्न होईन. पण कन्यादान तिचा मामा करन."

"रुपरावजी," मार्तंडराव म्हणाले, "मी जिवंत असताना?"

"होय. तुमी मांडवात बसा, जेवा. पण ज्या हातानं कडी लावली, त्या हातानं माझ्या सुनेचा हात माझ्या पोराच्या हातात द्यायचा नाही. लोकायनं विचारलं तर कारण मी सांगीन."

चहा आला. रुपरावांनी मार्तंडरावांना दिला, आपल्या माणसांना दिला. बळीरामपुढे कप आला नाही. त्याला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. त्याने हात धुतले, गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली.

मार्तंडराव त्याच्यामागे फाटकापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, ती चीर वेल्डिंगने बुजवून दे, आत्ता इथेच, काटोलात वेल्डर आहे. निदान परत तरी जाऊ दे मला. काम अर्ध्या तासाचं होतं. बळीराम गाडीपाशी परत आला. त्याने बॉनेट उचललं, नाकाची तार काढली आणि दोरीने बाजूला बांधून ठेवली.

"आता पेट्रोल कमी खाईन," तो म्हणाला. "काचा उघड्या ठेवून जा. मरणार नाही."

तो स्टँडवर गेला. नागपूरची एस.टी. लागलेलीच होती, बुट्ट्यांनी भरलेली. संत्र्यांच्या दोन बुट्ट्यांमध्ये पाय ठेवून तो उभ्याने घरी आला.

कौसल्या विहारात होती. स्टूल आणून ठेवलं होतं, हातोडी आणि खिळा हातात. कमिटीतले दोघे बाजूला उभे होते, त्यांना तिने हात लावू दिला नव्हता. बळीराम आला तशी ती स्टुलावर चढली. त्याने काटोलचं सगळं सांगितलं. कन्यादानाचं आलं तेव्हा तिने हातोडी थांबवली.

"मामा करन?"

"मामा करन."

"अन् तो बसन, पाहत?"

"मांडवात बसन."

तिने खिळ्यावर दोन ठोके मारले. मग वळून विचारलं, "तुमी ती नळी जोडून देली काय त्याले?"

"नाही."

"द्या इकडे फोटो," कौसल्या म्हणाली.

बळीरामने फोटो वर दिला. पांढऱ्या कपड्यांत लहानू उन्हाकडे डोळे बारीक करून पाहत होता. फोटो जरा डावीकडे कलला होता. कौसल्येने तो सरळ केला, खाली उतरली, आणि लांब जाऊन पाहिल्यावर पुन्हा स्टुलावर चढून केसभर उजवीकडे सरकवला.